सायकल दिसेल अशी जागा

पुण्यात सायकलवर हिंडणाऱ्या माणसाने चहा कोठे घ्यायचा, हे त्याची जीभ ठरवत नाही, सायकल ठरवते. हॉटेलात शिरल्याबरोबर दाराकडे तोंड करून बसता येईल अशी खुर्ची शोधणारे, आणि ती रिकामी नसेल तर दुसऱ्याच्या टेबलाशी घुटमळत उभे राहणारे निदान पंधरा-वीस जण माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला वाटते की, ही मंडळी कोणाची तरी वाट पाहत आहेत. प्रत्यक्षात त्यांचा एक डोळा फुटपाथवरच्या झाडाला टेकवून ठेवलेल्या सायकलवर असतो.

आमच्या वडिलांच्या पिढीतली काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरत असे. तिच्या मागच्या चाकाला नालेच्या आकाराचे कुलूप कायमचे बसवलेले असे, आणि चाक काढायचे तर पाना हवा, वेळ हवा आणि हात काळे करण्याची तयारी हवी. आजच्या गिअरच्या सायकलचे पुढचे चाक एक खटका उलटा फिरवला की दहा-पंधरा सेकंदांत हातात येते, सीटही तशीच निघते, आणि साखळीचे कुलूप बाळगायचे म्हटले तर चांगल्या कुलपाचेच वजन किलोभर होते. तेव्हा सायकल नजरेच्या टप्प्यात ठेवणे हे सर्वांत हलके कुलूप ठरते. गेली सात वर्षे मी या हलक्या कुलपावर शहरभर फिरतो आहे, आणि या काळात मला जे पुणे कळले ते बहुतांशी दोन प्रकारच्या ठिकाणांवरून कळले: जेथे सायकल दुरुस्त होते ती ठिकाणे आणि जेथून सायकल दिसते ती ठिकाणे. शहरातल्या रस्त्यांविषयी मला फारसे चांगले लिहिता येणार नाही. या ठिकाणांविषयी येईल.

मी सायकलकडे वळलो ते आरोग्यासाठी नव्हे, हे कबूल केले पाहिजे. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते ते दिवस होते. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा 6 मार्च 2022 रोजी सुरू झाला, पण त्याच्या आधीची काही वर्षे त्या रस्त्यावरून स्कूटर चालवणे म्हणजे पत्र्याच्या कुंपणाशेजारी पाय टेकत टेकत सरकणे होते. एके दिवशी सिग्नलला थांबलो असताना एक शाळकरी मुलगा कुंपण आणि माझा आरसा यांच्यामधल्या फटीतून सायकल काढून पुढे गेला, आणि मी नळ स्टॉपला पोहोचलो तेव्हा तो कोठेही दिसत नव्हता. त्या संध्याकाळी मी गॅलरीतल्या वडिलांच्या सायकलवरची पायपुसणी काढून ठेवली.

वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. 1869 साली स्थापन झालेल्या त्या कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि त्यात उलट दिशेने चालत जाणे अशक्य होई, असे ते सांगत. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते अशा लोंढ्यांमुळे. खडकी, पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने, पेठांतली कार्यालये आणि महाविद्यालये यांना जोडणारे वाहन तेच होते. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. कर भरल्याची खूण म्हणून सायकलला पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. आणि रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाताना समोर हवालदार दिसला तर खाली उतरून, जणू फिरायलाच निघालो आहोत असा चेहरा करून, सायकल हातात धरून चालू लागायचे, हा रिवाज होता. 1972 मध्ये कायनेटिकची लूना आली. पाय मारून सुरू होणारी आणि नंतर पाय न मारता चालणारी ती गाडी सायकलवाल्या मध्यमवर्गाला एवढी जवळची वाटली की, घराघरांतल्या सायकली हळूहळू जिन्याखाली गेल्या. आमच्याकडे लूना उशिरा आली, पण आली, आणि सायकल गॅलरीत गेली ती पायपुसण्या वाळवण्यासाठी.

ती खाली उतरवून मी नारायण पेठेतल्या एका दुकानात ढकलत नेली. दुकान म्हणजे एका वाड्याच्या भिंतीला टेकलेली सहा बाय आठची खोली. छताला टांगलेली टायरे, दारात पायाने दाबून धरायचा उभा पंप, पाण्याने भरलेले घमेले, आणि वेगवेगळ्या मापांचे नट-बोल्ट ठेवलेल्या पेढ्यांच्या पत्र्याच्या पेट्या. दुकानाच्या मालकांना सारे काका म्हणतात, मीही म्हणतो. ते मात्र मला आजही साहेब म्हणतात. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, पुढचे चाक उचलून हलकेच फिरवले आणि म्हणाले, "ओव्हरऑइल करावी लागेल." हा शब्द मूळ इंग्रजीत ओव्हरहॉल असा आहे हे मला ठाऊक होते, पण सगळे सुटे करून, धुऊन, तेल-ग्रीस घालून पुन्हा जोडायच्या कामाला पुण्याने दिलेले हे नाव मला मूळ शब्दापेक्षा अधिक नेमके वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून ते काम पाहत बसलो. हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडल्यावर आतले ग्रीस वाळलेल्या खजुराच्या रंगाचे निघाले. काकांनी छर्रे रॉकेलच्या डब्यात टाकले, कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट, बोटावर फिरवून त्याला खड्डा पडला आहे का ते पाहिले, मग नवे ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा दाबून बसवला. मागच्या हबात एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे. दहावा बसेल एवढी जागा दिसते, पण तो बसवायचा नसतो, कारण छर्‍यांना एकमेकांना घासल्याशिवाय फिरायला थोडी फट लागते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणून सवयीने पिळायला जाल तर ते सुटण्याऐवजी घट्ट होईल, हेही मी तेथेच शिकलो. वडिलांची ती सायकल पुढे 32 आणि मागे 40 स्पोकची आहे, कारण माणसाचा आणि कॅरिअरवरच्या सामानाचा भार मागच्या चाकावर पडतो. इतकी वर्षे ती सायकल घरात असूनही हे स्पोक मी कधी मोजले नव्हते.

चाक परत बसवल्यावर काकांनी ते फिरवून सोडून दिले आणि मला थांबायला सांगितले. चाक फिरत राहिले, मंद झाले, थांबले, मग उलटे मागे आले, पुन्हा पुढे गेले, आणि असे झोके घेत घेत हवा भरायचा वॉल्व्ह बरोबर तळाशी येऊन स्थिर झाला. "साहेब, चाक फिरतंय म्हणजे बरोबर आहे असं नसतं," काका म्हणाले, "ते कुठं थांबतं ते बघायचं." वॉल्व्हचे वजन ते किती, पण हबातली अडचण पूर्ण गेली असेल तर तेवढे वजनही चाकाला खाली ओढून आणते. कोन किंचित जास्त आवळला गेला असेल तर चाक मध्येच कोठेही थांबते. या चाचणीला उपकरण लागत नाही आणि ती खोटे बोलत नाही.

पंक्चर हा त्याहून मोठा विषय आहे. माझी समजूत अशी होती की, पंक्चर म्हणजे भोक आणि दुरुस्ती म्हणजे ठिगळ. काकांच्या दुकानात बसू लागल्यावर कळले की, भोक हा पुरावा असतो आणि ठिगळ लावण्याआधी तो वाचायचा असतो. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर काटा किंवा तार. शहराबाहेर बहुधा बाभळीचा काटा, आणि मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून पडलेली केसाएवढी पोलादी तार. ही तार दिसत नाही. टायरच्या आतून बोट फिरवून ती शोधावी लागते, आणि ती न काढता नवी ट्यूब टाकणारा माणूस पुढच्या चौकात पुन्हा खाली उतरतो. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर दोष रस्त्याचा कमी आणि मालकाचा अधिक: हवा कमी होती, खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले आणि ट्यूब टायर व रिंग यांच्यामध्ये चिमटली गेली. भोक आतल्या अंगाला, म्हणजे रिंगेच्या बाजूला असेल, तर स्पोकचे टोक वर आले आहे किंवा रिंगेवरची पट्टी सरकली आहे. वॉल्व्हच्या मुळाशी चीर असेल तर कमी हवेत सायकल चालवल्यामुळे टायर रिंगेवर सरकले आहे. जुन्या सायकलींत आणखी एक शक्यता असते: भोक मुळी नसतेच. वॉल्व्हच्या आतली रबरी नळी, जिला वॉलट्यूब म्हणतात, ती कुजलेली असते आणि हवा तेथून जाते. काका घमेल्यात ट्यूब बुडवण्याआधी वॉल्व्हवर बोटाने थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहतात. एक-दोन रुपयांच्या नळीसाठी ट्यूब उघडायची नाही, हा त्यांचा नियम.

ठिगळाच्या बाबतीत बहुतेक लोक घाई करतात. जागा कानशीने किंवा पॉलिशपेपरने खरवडायची, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि तो वाळू द्यायचा. सोल्यूशन ओले असतानाच पॅच दाबला तर तो चिकटल्यासारखा दिसतो आणि संध्याकाळपर्यंत सुटतो. वाळायची वाट पाहण्याची ही चार-पाच मिनिटे दुकानातल्या गप्पांची असतात. राजकारण, गुडघेदुखी, कोणाच्या मुलाला कोठे प्रवेश मिळाला, हे सारे त्या मिनिटांत उरकते, आणि मला असे वाटू लागले आहे की सायकलवाल्यांची एकमेकांशी ओळख होते ती सायकल चालवताना नाही, सोल्यूशन वाळत असताना होते.

कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी उभारलेले जुन्या सायकलींचे खासगी संग्रहालय आहे. ते 2017 मध्ये लोकांसाठी खुले झाले. एकदा काकांना मी तेथे घेऊन गेलो. दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए सायकल पाहायला गर्दी होती. काका तिच्यापुढे थोडेसे थांबले आणि मग जुने दिवे, पंप आणि पाने ठेवले होते त्या बाजूला जाऊन बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले की, त्यातला एक पाना आपल्याकडे अजून रोजच्या वापरात आहे.

दोन वर्षांनी मी गिअरची सायकल घेतली, आणि मग दुरुस्तीचे दुसरे जग पाहिले. सिंहगड रस्त्यावरच्या एका खड्ड्यात मागचे चाक आपटले आणि ते डोलू लागले. एका चकचकीत शोरूममध्ये नेले, तर तेथल्या मुलाने चाकाला हात न लावता, ते बदलावे लागेल असे सांगून साडेतीन हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. मी कागद खिशात घालून नारायण पेठेत गेलो. काकांनी सायकल दोरीने आडव्या नळीला टांगली, चाकालगतच्या फ्रेमवर अंगठा धरून नख रिंगेजवळ टेकवले आणि चाक सावकाश फिरवले. रिंग जेथे नखाला घासली तेथे एका बाजूचे स्पोक पाव फेरा सैल, समोरच्या बाजूचे पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरवले, पुन्हा नख, पुन्हा पाव फेरा. रिंग उजवीकडे जात असेल तर हबाच्या डाव्या बाजूला जाणाऱ्या स्पोकांनी तिला ओढून आणायचे आणि उजव्यांनी तेवढेच सोडायचे, नाहीतर चाक सरळ होते पण अंडाकृती होते. पाऊण तासात आऊट, म्हणजे चाकाचे डोलणे, निघाला. सत्तर रुपये झाले. शोरूमचा तो कागद काकांनी मागून घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूला हिशेब लिहिला.

ही गोष्ट मी लोकांना फार आवडीने सांगत असे, पण तिचा दुसरा भागही सांगितला पाहिजे, कारण जुने ते सोने म्हणणाऱ्यांच्या हाती मला ती द्यायची नाही. त्याच सायकलचा तेलावर चालणारा डिस्क ब्रेक पुढच्या पावसाळ्यात बसला. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी चाक थांबेना. काकांनी दोनदा दाबून पाहिला आणि स्पष्ट सांगितले, "हे माझं काम नाही." मग त्यांनीच एरंडवण्यातल्या एका पंचविशीतल्या मुलाचा पत्ता दिला. त्याने एका गॅरेजात छोटे वर्कशॉप काढले आहे. नळीतल्या तेलात हवेचा बुडबुडा शिरला होता. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून बोटांचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यात खर्ची पडत होता, हे त्याने मला कागदावर चित्र काढून समजावले. साखळी किती झिजली हे साध्या पोलादी पट्टीने कसे मोजायचे, हेही त्यानेच शिकवले. नव्या साखळीत पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस कड्यांना बरोबर बारा इंच. ही लांबी एक षोडशांश इंचाने वाढली की साखळी बदलायची. तशीच चालवली तर ती मागचे दातेरी चक्र खाते आणि मग खर्च तिपटीने वाढतो. त्याच्याकडे बोल्ट किती आवळायचा ते मोजणारा पाना आहे, आणि काकांच्या मनगटात जे मोजमाप आहे त्याविषयी त्याला आदर असला तरी कार्बनच्या हँडलवर तो मनगटाचा भरवसा धरत नाही. तो बरोबर आहे. मागच्या फ्रीव्हीलमधले कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे खटके, नीट बसेनासे झाले की मात्र तो ग्राहकाला काकांकडे पाठवतो, कारण तो सारा संच बदलायला सांगेल आणि काका आतली बारीक स्प्रिंग तेवढी बदलून देतील. दोघे एकमेकांकडे गिऱ्हाइके पाठवतात, याची कोठे जाहिरात नाही.

आमचा रविवारचा जथा याच वर्कशॉपच्या ओट्यावर जमला. त्याला नाव नाही, गणवेश नाही, वर्गणी नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई, ज्या बावन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या; अभियांत्रिकीची दोन मुले; एक परिचारिका, जिची रात्रपाळी संपते तेव्हा आमची सकाळ सुरू होते; आणि मी. पहाटे साडेपाचला नळ स्टॉपला पोहे खाऊन निघायचे, हे ठरलेले. तेथे त्या वेळी रिक्षावाले, रात्रपाळीचे लोक आणि परीक्षेसाठी जागलेली मुले असतात, आणि सायकल पोह्यांच्या गाडीवरच्या दिव्याच्या उजेडात उभी असते, म्हणजे डोळ्यांसमोर. मग खडकवासला किंवा बोपदेव घाट, आणि महिन्यातून एकदा सिंहगड.

सिंहगडाचा घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटरचा आहे आणि गड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे. चढताना काय होते हे सांगण्यासारखे नाही, ज्याचे त्याला कळते. वर मडक्यातले दही, कांदाभजी आणि पिठले-भाकरी मिळते, आणि भाकरी थापणाऱ्या मावशी सायकल झोपडीच्या आत आणून लावायला सांगतात, "बाहेर माकडं हायेत," म्हणून. सायकलच्या सुरक्षिततेचा हा विचार मला शहरातल्या कोणत्याही मॉलमध्ये आढळलेला नाही. उतरताना मात्र लक्ष द्यावे लागते. रिंगेवर दाबणारे ब्रेक सतत धरून ठेवले तर रिंग तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून ब्रेक धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. आमचा एकच नियम कडक आहे: सर्वांत मागे असेल त्याच्या मागे एक जण राहतो. ताईंचे पंक्चर गोळेवाडीपाशी झाले तेव्हा पाच जण रस्त्याच्या कडेला सोल्यूशन वाळण्याची वाट पाहत उभे होते आणि प्रत्येकाचे मत वेगळे होते.

त्या अभियांत्रिकीच्या मुलांपैकी एक आता ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. एकाच हंगामात चारही पूर्ण केले की सुपर रँडोनर ही पदवी मिळते. ही शर्यत नसते, क्रमांक नसतात, पण ठरलेल्या थांब्यांखेरीज बाहेरची मदत घेता येत नाही. सायकल बिघडली तर आपली आपण दुरुस्त करायची. त्याने काकांकडे दोन महिने शनिवारी बसून पंक्चर, तुटलेली साखळी आणि तुटलेला स्पोक हे तीन धडे गिरवले. पहिल्या ब्रेव्हेला जाताना काकांनी त्याला जुन्या टायरचा एक तुकडा दिला. टायर फाटले तर आतून लावायला, ज्याला गेटर म्हणतात. तो तुकडा त्याने अजून वापरलेला नाही आणि पिशवीतून काढलेलाही नाही.

आता बसायच्या जागांविषयी. इराणी हॉटेले सायकलवाल्याला सोयीची असतात, त्याचे कारण बनमस्का नव्हे, मांडणी आहे. ती बहुधा कोपऱ्यावर असतात, त्यांना दोन बाजूंनी दारे असतात आणि संगमरवरी टेबले दारापर्यंत आलेली असतात. डेक्कनचे गुडलक 1935 पासून कोपरा धरून आहे, इतके की चौकालाच त्याचे नाव पडले. सकाळी लवकर गेलात तर रस्त्याकडेचे टेबल मिळते आणि सायकल हाताच्या अंतरावर राहते. नऊनंतर फुटपाथ भरतो, मग जाऊ नये. स्टेशनाकडे गेलो तर वोहुमनमध्ये चीज ऑम्लेट. वैशाली आणि रूपाली या दोन्ही ठिकाणी खाणे उत्तम, पण वैशालीची मागची बाग रस्त्यापासून दूर आहे, आणि डोसा समोर असताना सायकल दिसत नसेल तर डोसा अर्ध्या चवीने खाल्ला जातो. म्हणून तेथे दोघांनी जायचे आणि आळीपाळीने बाहेर जाऊन यायचे.

अमृततुल्य ही मात्र सायकलसाठीच काढलेली गोष्ट असावी अशी माझी खात्री आहे. पुढून उघडे दुकान, उंच बैठकीवर मालक, शेजारी पितळी पातेले, त्यात दूध, साखर, पूड आणि खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडे एकत्र उकळत असतात, आणि फडक्यातून गाळलेला चहा कपात येईपर्यंत तुम्ही एक पाय पायडलवर ठेवून उभे राहू शकता. सायकलवरून न उतरता पूर्ण कप संपवणारे एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. शनिपाराजवळ रोज सकाळी दिसतात.

सर्वांत वाईट जागा म्हणजे काच लावलेली, पहिल्या मजल्यावरची, वातानुकूलित. तेथे चार चाकांसाठी माणूस उभा असतो, दोन चाकांसाठी पांढरे पट्टे आखलेले असतात आणि सायकल घेऊन गेलात तर रखवालदार आपुलकीने मागच्या बाजूला, जनरेटरपाशी लावायला सांगतो. गंमत अशी की तो स्वतः सायकलवर येतो आणि त्याचीही तेथेच असते. महापालिकेने 2017 च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला होता. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली शहरात आल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. सायकल मार्ग आहेत, पण ते चौकापाशी, म्हणजे नेमके गरज असते तेथे, संपतात, आणि मध्ये मध्ये त्यांवर स्कूटरी लावलेल्या असतात. मी ते वापरत नाही. याविषयी एवढेच.

एरंडवण्यात वर्कशॉपपासून दोन गल्ल्या पुढे एका जुन्या बंगल्याच्या आवारात बहीण-भावाने कॅफे काढला आहे. आंब्याखाली चार टेबले आणि कुंपणालगत लोखंडी आडवा नळ, सायकली अडकवण्यासाठी. टेबले त्या नळाकडे तोंड करून मांडली आहेत. हे त्यांनी आम्हाला विचारून केले. दाराशी जाड आणि बारीक दोन्ही वॉल्व्हना चालणारा उभा पंप असतो आणि बिस्किटांच्या डब्यात सोल्यूशन, पॅच, कानस. पहिले काही महिने पंपावर पाटी होती, "पंप फक्त ग्राहकांसाठी". जुलैतल्या एका संध्याकाळी जेवणाचे डबे पोहोचवणारा एक मुलगा सायकल ढकलत आला, पाटी वाचली आणि पावसातून तशीच बसलेली सायकल घेऊन निघाला. पुढच्या टेबलावर आम्ही पाच जण होतो. हवेचे दडपण किती असावे यावर आमची चर्चा चालू होती. ताई उठून फाटकापर्यंत गेल्या, पण तोवर तो वळला होता.

दुसऱ्या दिवशी त्या बहीण-भावाच्या आजींनी पाटी बदलली. नवी पाटी पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर, शाईने, ठसठशीत अक्षरांत आहे: "हवा कोणीही भरावी. पंप जागेवर ठेवावा. नळी पिळू नये. चहा घेतलाच पाहिजे असे नाही, पण आज आले चांगले आहे." तेव्हापासून सकाळी सहाला पेपर टाकणारी मुले, साडेसातला सोसायट्यांचे रखवालदार, संध्याकाळी डबेवाले आणि मग आमच्यासारखे हौशी असा त्या पंपाचा दिनक्रम आहे. नळी अर्थातच पिळली जाते आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. मागच्या खेपेस ती काकांनी आणून बसवली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. आजी त्यांना झाडाखालच्या आतल्या, वाऱ्याच्या टेबलाशी बसवत होत्या, पण काका उठून पुढच्या टेबलाशी आले आणि खुर्ची वळवून कुंपणाकडे तोंड करून बसले. त्यांच्या सायकलला नालेचे कुलूप होते, आणि ते लावलेलेही होते.